हक्काचा कागद हातात द्या

२४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्यात ईपीएस-९५ पेन्शनधारकांचे साखळी उपोषण सुरू झाले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालची राष्ट्रीय संघर्ष समिती पुढे दिल्लीपर्यंत गेली, पंतप्रधानांना भेटून आली, पण आंदोलनाचे ठाणे बुलढाणाच राहिले. एसटीचे निवृत्त चालक-वाहक, सहकारी साखर कारखान्यांचे आणि सूतगिरण्यांचे जुने कामगार, महामंडळांचे कर्मचारी अशी सगळी साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आळीपाळीने मांडवात बसली. किमान पेन्शन साडेसात हजार, त्यावर महागाई भत्ता, पती-पत्नीला मोफत औषधोपचार आणि प्रत्यक्ष पगारावर पेन्शन, या त्यांच्या मागण्या. पहिल्या तिन्हींचे उत्तर सरकारने द्यायचे आहे. चौथीचा अर्धा जाब मालकांना विचारला पाहिजे. तो कोणी फारसा विचारत नाही, म्हणून आजचा हा लेख.

कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजेच ईपीएस-९५, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. भविष्य निर्वाह निधीतल्या, म्हणजे फंडातल्या, मालकाच्या १२ टक्के वर्गणीतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ठरलेल्या पगारमर्यादेपुरतेच. आधी ही मर्यादा ५,००० होती, मग ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे खऱ्या पगारावर वर्गणी भरण्याची मुभा १९९६ पासूनच नियमात होती. फरक केवढा पडतो पाहा. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, असे सूत्र आहे. पगार ४०,००० आणि पेन्शनची सेवा २० वर्षे धरली, तर ढोबळ हिशेबाने मर्यादेवरची पेन्शन ४,२८५ रुपये बसते आणि खऱ्या पगारावरची ११,४२८. फंडातला फरक व्याजासह भरावा लागतो हे खरे. तरीही महिन्याला सात हजारांचा, तोही तहहयात फरक ज्याच्या घरात पडतो, त्याला तो पर्याय ठाऊक तरी हवा होता.

आणि हा पर्याय एकट्या कामगाराला देता येत नव्हता. तो ‘संयुक्त पर्याय’ होता. अर्जावर मालकाची सही लागायची. म्हणजे नियम मालकाच्या कार्यालयात पोहोचला होता, फाइलला लागला होता, आणि ज्याच्यासाठी तो होता त्याला मात्र माहीत नव्हता. २०१४ च्या दुरुस्तीने नव्याने पर्याय द्यायला सहा महिन्यांची मुदत दिली. तीही बहुतेकांच्या नकळत सरली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात आणखी चार महिने दिले, ती मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली आणि देशभरातून सुमारे साडेसतरा लाख अर्ज आले. इतक्या लोकांना हा पर्याय हवा होता. त्यांना तो वेळेवर कोणी सांगितला नव्हता. आणि जे १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच पर्याय न देता निवृत्त झाले होते, त्यांना या निकालानेही दार उघडले नाही. न मिळालेल्या एका सूचनेची किंमत ते दर महिन्याच्या पेन्शनमधून मोजत आहेत.

मालक म्हणतील, आम्ही कायदा पाळला होता, पाटी लावली होती. आपला कायदा मुळात पाटीवरच समाधान मानत आला. १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम १०८ म्हणत होते की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत लावा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या नियमांतही असेच होते, कायद्याचा गोषवारा दारात लावायचा. प्रसूती लाभ कायद्याखाली स्त्रिया काम करतात त्या प्रत्येक विभागात स्थानिक भाषेतला गोषवारा लावावा लागे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, चिखलीच्या औद्योगिक वसाहतींत कुठल्याही गेटवर जाऊन ती पाटी शोधून पाहा. पाळी बदलताना गेटवर थांबून कोणी बारीक टायपातले कलम वाचत नाही. घरी जायची घाई असते, शेवटची एसटी असते.

२०१७ मध्ये मात्र एक पाऊल पुढे पडले. प्रसूती रजा २६ आठवड्यांची करणाऱ्या दुरुस्तीने आणखी एक सक्ती आणली. प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच, या कायद्याखाली तिला काय काय मिळते ते लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही मार्गांनी कळवायचे. पाटीवरून सूचना माणसाच्या हातात आली. या कलमाची फारशी चर्चा झाली नाही, पण मला ते त्या दुरुस्तीतले फार मोलाचे कलम वाटते. जे गरोदर कामगार स्त्रीसाठी योग्य ठरले, ते फंड, पेन्शन, विमा आणि ग्रॅच्युइटीसाठी का नको?

अमेरिकेत हा प्रश्न १९७४ मध्येच हाताळला गेला. तिथल्या निवृत्तिलाभ कायद्याप्रमाणे नव्या सदस्याला ९० दिवसांच्या आत योजनेची माहिती द्यावी लागते, आणि ती सर्वसाधारण सदस्याला समजेल अशा शब्दांत लिहिलेली असावी लागते. कामगार वावरतात अशा जागी प्रती नुसत्या ठेवून दिल्या तर ते पोहोचवणे धरले जात नाही, असे तिथले नियम स्पष्ट सांगतात. कामाच्या जागी हातात दिली तर चालते. आपल्याकडचे कितीतरी मराठी तरुण तिकडे नोकरीला आहेत, त्यांना योजनेत सामील झाल्यावर हे कागद मिळतात. त्यांच्या गावाकडच्या भावाला, जो मलकापूरच्या एखाद्या तेलगिरणीत किंवा कारखान्यात आहे, तितकेच मिळाले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात अवघड उदाहरण घेऊ, जिनिंगचे. कापूस आला की जिनिंग-प्रेसिंग सुरू होते, उन्हाळ्यात थांबते. माणसे मुकादमाने आणलेली, आज या जिनिंगमध्ये तर पुढच्या हंगामात दुसऱ्या. त्यांना विचारले तर सांगतात, ‘भाऊ, फंड कटते म्हणतात, पण कुठी जाते माहीत नाही.’ या माणसांचे नियम वेगळे आहेत आणि ते त्यांना कोणीच सांगत नाही. हंगामी आस्थापनेत पेन्शनसाठी वर्षातले काही महिनेच काम झाले, तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. म्हणजे दहा हंगाम केलेला माणूस, मधे पैसे काढले नसतील तर, पेन्शनला लागणारी दहा वर्षे भरू शकतो. किती जणांनी हे न कळल्यामुळे हंगाम संपताच पेन्शनचे पैसे काढून टाकले असतील! हंगामी आस्थापनेत ग्रॅच्युइटी पंधरा दिवसांच्या नव्हे, तर दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराने मोजतात. आणि केवळ जिनिंग-प्रेसिंग करणारे हंगामी कारखाने कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतून वगळलेले आहेत, म्हणजे दवाखान्याची ती सोय त्यांना नाही. मिळत नाही ते सांगणेही सूचनेचाच भाग आहे. नाहीतर माणूस आजारपणात नको त्या दारात जाऊन उभा राहतो.

ठेकेदाराने फंड भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तशीच सूचना देण्याची जबाबदारीही मूळ मालकाने घ्यावी. मुकादमाच्या तोंडी निरोपावर ती सोडू नये.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळते की सगळे मोबाइलवर आहे. पूर्वी फंडाची वर्षाची स्लिप मालकामार्फत यायची, कामगार ती घरी ट्रंकेत ठेवायचा, चूक दिसली तर सहा महिन्यांत कळवायची असे नियमातच होते. आता पासबुक पोर्टलवर पाहायचे. ज्याचा यूएएन (फंडाचा कायमचा खाते क्रमांक) चालू आहे, आधार जोडलेले आहे आणि नोंदवलेला मोबाइल अजून त्याच्याच खिशात आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. पण आमच्याकडे नोंदवलेला नंबर कधी ठेकेदाराचा असतो, कधी सेतू केंद्रवाल्याचा, कधी रिचार्जअभावी बंद पडलेला. ओटीपी ज्याच्याकडे जातो, हक्काची किल्ली त्याच्याच हातात जाते. म्हणून मोबाइल असावा, पण कागदाच्या जोडीला.

मग मालकाने नेमके काय करावे? मला वाटते, चार वेळा, चार कागद.

रुजू होताना एक पानाचे मराठी पत्र, नाव घालून. फंड किती कापणार, मालक किती भरणार, यूएएन काय, ईएसआय आहे की नाही, ग्रॅच्युइटी कधी लागू होते, नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्या नेमणूकपत्रालाच हे पान जोडा. परप्रांतातून आलेला असेल तर हिंदीत द्या. वाचता येत नसेल तर पहिल्या पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसमधल्या कोणीतरी ते वाचून दाखवावे आणि पोच घेताना, काय कळले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे. नुसता अंगठा घेऊन ठेवणे हा मालकाच्या बचावाचा पुरावा झाला, कामगाराला त्याने काही कळत नाही.

दुसरा कागद नियम बदलला तेव्हा. वर्गणी, मर्यादा, मुदत यांतले काहीही बदलले की पगाराच्या स्लिपबरोबर चार ओळींची चिठ्ठी, आणि शेवटची तारीख ठळक. २०१४ मध्ये एवढी चिठ्ठी प्रत्येकाला गेली असती, तर बुलढाण्याच्या त्या मांडवातली चौथी मागणी कदाचित उभीच राहिली नसती.

तिसरा कागद घरी जावा. याबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. फंडाच्या सदस्याचा सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ईडीएलआय योजनेतून कमाल ७ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पैसाही कापला जात नाही, सगळी वर्गणी मालकाची. शिवाय विधवेला आणि मुलांना पेन्शन असते. पण हा हक्क ज्या क्षणी लागू होतो, त्या क्षणी सूचना घेणारा माणूसच उरत नाही. मागे राहिलेल्या बाईला कार्यालयाचे नावही माहीत नसते. अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. तेरवी होते, कंपनीचा माणूस भेटून जातो, हाती काही रोख ठेवतो, आणि घरचे समजतात की हिशेब संपला. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या बोनसच्या वेळी, कामगाराच्या घरच्या पत्त्यावर, घरच्यांच्या नावे पत्र जावे. नॉमिनी कोण, विमा किती, काही झाले तर कोणाला भेटायचे, कोणते कागद लागतात. लग्न झाले की नामनिर्देशन नव्याने करावे लागते, ही आठवणही त्यातच द्यावी.

चौथा कागद नोकरी सुटताना. इथे कायदा आधीपासूनच स्पष्ट आहे. ग्रॅच्युइटी देय झाली की कामगाराने अर्ज केला असो वा नसो, मालकाने स्वतःहून रक्कम ठरवायची, त्याला आणि नियंत्रक अधिकाऱ्याला लेखी कळवायचे आणि तीस दिवसांत पैसे द्यायचे. ‘अर्जच आला नव्हता’ ही सबब कायद्याला मान्य नाही.

खर्चाचा मुद्दा पुढे येईल. पन्नास कामगारांच्या कारखान्याला वर्षात फार तर दोनशेच्या आसपास पाने छापावी लागतील. लहान मालकांची अडचण मला कळते. फंडाचे काम बाहेरच्या सल्लागाराकडे असते आणि मालकालाच नियम नीट माहीत नसतात. मग तेच पान त्या सल्लागाराकडून लिहून घ्या. त्याने मालकाचीही समजूत पक्की होईल. जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांनी असा एक मराठी नमुना तयार करून सभासदांना दिला, तर प्रत्येकाला वेगळी धावपळ करावी लागणार नाही.

कामगारांनीही थांबून राहू नये. नोंदवलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या क्रमांकावर यूएएन आणि मराठीसाठीची तीन अक्षरे असलेला ठरलेला एसएमएस पाठवला, की फंडाची शिल्लक मराठीत येते. ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी चालते. दोन्हींपैकी काहीच आले नाही, तर नोंदवलेला नंबर तुमचा नाही किंवा खाते नीट जोडलेले नाही असे समजा आणि त्याच आठवड्यात कार्यालयात विचारा.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. खामगाव आणि मलकापूरच्या जिनिंग मालकांना माझी विनंती आहे, या हंगामात पहिल्या पगारासोबत हा पहिला कागद प्रत्येकाच्या हातात द्या, मुकादमाच्या माणसांच्याही.