बेचकीची गाठ



या आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणात दोन बेचक्या जमा झाल्या. (काही गावांत हिला गलोल किंवा गुलेल म्हणतात.) दप्तरातून सापडल्या म्हणून काढून घेतल्या. मधल्या सुट्टीत एक हातात घेऊन जरा ताणली, तर काय? रबराची पट्टी चामड्यातून अलगद सुटून हातात आली! गाठ शिवणकामाच्या दोऱ्याने बांधलेली होती.

"बाई, कालपर्यंत एकदम घट्ट होती हो!" तिचा मालक म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. गाठ घट्टच होती, पण रबर ताणेपर्यंत! आज आपण या गाठीचीच गोष्ट बघणार आहोत.

आधी माझी चूक सांगते. मी पाचवीत असताना आईच्या मशीनचा दोरा घेऊन अशीच बेचकी बांधली होती. तीन नेम छान लागले. चौथ्या वेळी एक पट्टी निसटली. खडा समोरच्या डब्यावर जायचा तो आडवा गेला आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या भुवईवर बसला. दोन टाके पडले. भुवईवरची ती पांढरी रेघ आजही दिसते. खडा बोटभर खाली लागला असता तर? तो विचार आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मग दोऱ्याची गाठ सुटते का? एक प्रयोग करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. त्यावर पेनाने 1 सें.मी.चा चौकोन काढा. आता तुकडा असा ताणा की चौकोनाची लांबी 2 सें.मी. होईल. रुंदी मोजा बरं! साधारण 7 मि.मी. भरेल. जाडीही तशीच कमी झालेली असते. रबर चौपट ताणलं तर रुंदी निम्मी आणि जाडीही निम्मी होते. रबर तेवढंच, लांब झालं म्हणून बारीक झालं. दोरा मात्र आहे तेवढाच राहतो. मग त्याच्या वेढ्यातून बारीक झालेली पट्टी सटकणारच! शिवाय बारीक दोरा रबराला कापतो तो वेगळाच.

यावर उपाय एकच. रबराला रबरानेच बांधायचं, आणि तेही ताणून. ताणलेला वेढा सतत आवळत राहतो. आतली पट्टी बारीक झाली की तोही तिच्यामागोमाग आवळतो.

आता कृती. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. हे काम चार हातांचंच आहे.

1. चामडं : जुन्या बुटाची जीभ उत्तम. 7 सें.मी. लांब, 3 सें.मी. रुंद तुकडा कापा. दोन्ही टोकांपासून 1 सें.मी. आत एकेक गोल भोक पाडून घ्या. चप्पल दुरुस्त करणारे काका ते चटकन पाडून देतात. कात्रीने चीर पाडू नका. चिरेच्या कोपऱ्यापासूनच चामडं फाटायला लागतं.

2. पट्ट्या : दीड सें.मी. रुंद, 25 सें.मी. लांब अशा दोन. दोन्ही अगदी सारख्या हव्यात, नाहीतर नेम एका बाजूला जातो. कडेला कात्रीचा खाचा राहिला तर पट्टी तिथेच तुटते. आजकालच्या बऱ्याच काळ्या ट्यूब ब्युटाईल रबराच्या असतात. त्या हवा छान धरतात, पण ताणून सोडल्यावर सुस्तपणे परततात. नैसर्गिक रबराची ट्यूब मिळाली तर ती घ्या.

3. बांधायची पट्टी : त्याच ट्यूबची 3 मि.मी. रुंद, 15 सें.मी. लांब चिंधी.

4. पट्टीचं टोक चामड्याच्या भोकातून ओवून 2 सें.मी. बाहेर काढा आणि पट्टीवरच उलटं दुमडा. आता एकाने चामडं आणि पट्टी धरून ताणून ठेवायचं. दुसऱ्याने चामड्याला लागून चिंधी गुंडाळायची. चिंधीचं टोक पहिल्या वेढ्याखाली दाबा. प्रत्येक वेढा ताणूनच घ्या. असे पाच वेढे.

5. आता जाड दोरा दुमडून त्याचा फासा करा आणि पट्टीवर लांबीच्या दिशेने ठेवा. फाशाचं डोकं पुढे, दोन्ही टोकं मागे. त्यावरून आणखी दोन वेढे घ्या. चिंधीचं उरलेलं टोक फाशात घाला आणि दोऱ्याची टोकं मागे ओढा. चिंधीचं टोक वेढ्यांखाली जाऊन बसेल. दोरा काढून टाका. झाली गाठ!

बेचक्याच्या लाकडाकडची टोकंही याच रीतीने बांधा. तिथे तर जास्तच काळजी हवी. चामड्याकडची गाठ सुटली तर खडा भलतीकडे जातो, पण लाकडाकडची सुटली तर पट्टी सपकन आपल्याच तोंडावर येते.

आता परीक्षा. गाठीलगत पट्टीवर बॉलपेनने बारीक रेघ मारा. चामड्यात काहीही न ठेवता, चेहऱ्यापासून दूर, कमरेजवळ धरून हळूहळू ताणा आणि हळूच परत आणा. रिकामी सोडू नका. असं दहा वेळा करा. रेघ जागची हलली? मग गाठ सोडा आणि पुन्हा बांधा. आळस करायचा नाही!

खेळण्याआधी रोज पट्टी वाकवून बघा. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबराला बारीक भेगा पडतात. भेग दिसली की पट्टी बदला.

खडे नकोत. चिकणमातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून उन्हात वाळवा. त्या भिंतीवर आपटल्या की फुटतात, उलट्या उसळत नाहीत. डोळ्यांवर गॉगल हवा. समोर रिकामा डबा, मागे भिंत, आणि बघणारे सगळे तुमच्या पाठीमागे. शेजारी नाही, पाठीमागे! माझा भाऊ शेजारीच उभा होता.

आणि पाखरांवर नेम? मुळीच नाही. रानपाखरांना मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी चिमणीच्या पिल्लांनी आईची वाट बघत बसायचं का, सांगा बरं?

जाता जाता एक गंमत. गोफण खूप जुनी, पण बेचकी त्या मानाने नवी. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. त्याची बेचकी कशी होणार?

खणातल्या त्या दोन बेचक्यांचं काय झालं? शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही मालकांनी माझ्यासमोर बसून गाठी सोडल्या आणि नव्याने बांधल्या. पहिल्या परीक्षेत एकाची रेघ हलली. त्याने न सांगताच गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मग मी दोन्ही बेचक्या त्यांच्या घरच्यांच्या हाती दिल्या.

पुढच्या आठवड्यात भोवरा आणि त्याची जाळी. तोवर रेघ तपासायला विसरू नका हं!

तुमच्या,
बाई