व्यसन : आजार की आपलीच करणी?



पाठशाळेत असल्यापासून सप्तव्यसनांची यादी आपण घडाघडा म्हणत आलोय. यादीतलं प्रत्येक व्यसन 'सोडायचं' असतं, म्हणजे धरणं-सोडणं माणसाच्या हातात आहे हे आपण धरूनच चालतो. डॉक्टर मात्र म्हणतात, व्यसन हा आजार आहे. आणि घरात वाद सुरू होतो. सासरे म्हणतात, "आजार कसला? कावीळ कोणी पैसे मोजून विकत आणतं का?" आई म्हणते, "आजारीच आहे माझा लेक, त्याला काही बोलू नका."

मला विचाराल तर पहिला घोट ही करणी, आणि नंतर न सुटणं हा आजार. पण आजार म्हटलं की जबाबदारी संपली, हे मला मुळीच मान्य नाही.

हा विषय लांबचा नाही. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या पार्ट्यांवर छापे पडल्याच्या बातम्या येतात, आणि आपण "मुंबईची पोरं" म्हणून पान उलटतो. पण त्याच बंगल्यांवर सोडा, बर्फ, चकणा पोचवणारी पोरं आपल्या मावळातली असतात. मिश्री लावल्याशिवाय सकाळी चुलीकडे न वळणाऱ्या मावशीला तर आपण व्यसनी म्हणतही नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते शाळेतली मुलंही सांगतील. (आपल्या काही दुकानांचं नाव त्यात येऊ नये, एवढी तरी लाज आपण बाळगू या.)

पुण्यात १९८०च्या दशकात गर्द आली तेव्हा चांगल्या घरची मुलं घरातली भांडी विकू लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली आणि १९८६ साली येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. मुलांना त्यांनी गुन्हेगार म्हणून नाही, पेशंट म्हणून वागवलं. पण पेशंट म्हणजे नुसतं पडून राहायचं असंही नाही. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे दुसऱ्यांना सांभाळू लागली.

आजार का म्हणतात, ते आपल्या भाषेत सांगते. जेवण, शाबासकी, लेकराचं हसू यांनी मेंदूत सुखाचं रसायन थोडं थोडं सुटतं. नशेने त्याचा लोंढा येतो. रोज लोंढा आला की मेंदू दारं अर्धी लावून घेतो. मग साध्या गोष्टींनी काही वाटेनासं होतं, आणि नशा मिळाली नाही तर अंग मोडून येतं, झोप उडते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची ती एकदम बंद केली तर फिट येऊन जिवावरही बेतू शकतं. म्हणून खोलीत कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. आधी डॉक्टर गाठा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

आपल्याला हे नवं वाटायला नको. मोहनीय कर्माला आपल्याकडे मद्याचीच उपमा आहे. प्यायलेल्याला जसं बरंवाईट कळत नाही, तसं. कर्म बांधलं आपणच, पण उदयाला आलं की तेच आपल्याला नाचवतं. आणि निर्जरा पुन्हा ज्याची त्यालाच करावी लागते, ती आईने करून भागत नाही.

कायद्यातही असंच आहे. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे. पण त्याच कायद्याचं कलम ६४अ सांगतं, की असा माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर सेवनाचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सूट जाऊ शकते.

महाराजसाहेबांसमोर उभं करून जन्मभराची शपथ घ्यायला लावतात, ते मला पटत नाही. मोडली की तो शरमेने आणखी पितो. नवकारशीचं पचक्खाण आपण जन्मभराचं घेतो का? आजचं घेतो, उद्या पुन्हा घेतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतही हेच शिकवतात : फक्त आजचा दिवस.

आणि घरही बदलावं लागतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर त्यांतल्या बहुतेकांचं व्यसन सुटलं, असं ली रॉबिन्स या संशोधक बाईंना आढळलं. जागा बदलली, सोबत बदलली. आपण मात्र केंद्रातून आलेल्या मुलाला त्याच गल्ल्यावर बसवतो. हातात रोकड, समोर तेच मित्र. वर त्याची उधारी आई गुपचूप फेडते, आणि सून माहेरी फोनवर "यांना ॲसिडिटी आहे" सांगते. मुक्तांगणने बायकांसाठी 'सहचरी' हा गट चालवला, तो उगाच नाही. लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरून येरवडा फार लांब नाही. "कोणी पाहील" ही भीतीच जास्त लांब आहे.

"लग्न करून दिलं की सुधरेल" हे तर बंदच करा. दुसऱ्याची मुलगी म्हणजे औषधाची बाटली नव्हे.

परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, स्थळ चांगलं आहे, मुलगा पूर्वी प्यायचा, केंद्रात राहून आला, चार वर्षं झाली, मुलगी द्यावी का? मुलाकडच्यांनी हे आधीच सांगितलं, त्याचे मी निम्मे गुण दिले. बाकीचे मुलाच्या हातात. मी त्यांना म्हटलं, त्याच्याशी एकट्याशी बोला. अजून सभांना जातोस का? लग्नात मित्रांनी आग्रह केला तर काय करतोस? पाय घसरला तर पहिला फोन कोणाला? "तो विषय मी कधीच मागे टाकला" म्हणाला तर थांबा. आणि रोज सांभाळावं लागतं असं म्हणाला, तर मुलीला त्याच्याशी निवांत बोलू द्या.