शब्दांचा ताळेबंद

हर्बर्ट जाइल्स यांचा जन्म १८४५ साली ऑक्सफर्ड येथे झाला. १८६७ मध्ये ते शिकाऊ दुभाषी म्हणून पेकिंगला आले आणि पुढील पंचवीस वर्षे ब्रिटिश कॉन्सुलेटच्या नोकरीत चीनच्या बंदरांतून फिरत राहिले. निंगपो येथील कॉन्सुल हे त्यांचे अखेरचे पद. प्रकृती ढासळल्याने १८९३ मध्ये त्यांनी सेवा सोडली. केवळ हुद्द्यांची बेरीज केली, तर हाती फारसे काही लागत नाही.

परंतु कचेरीच्या कामाबरोबरच त्यांनी दुसरी एक वही चालविली होती. १८९२ मध्ये त्यांचा चिनी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात तेरा हजारांहून अधिक अक्षरचिन्हे होती. थॉमस वेड यांनी बसविलेली, चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धती त्यांनी या कोशात सुधारून घेतली. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांतील भेद आपल्या लिपीत स्वतंत्र अक्षरांनीच सांभाळला जातो. रोमन लिपीत तो दाखविण्यासाठी या पद्धतीत अक्षरापुढे स्वल्पविरामासारखी बारीक खूण करावी लागे. पुढे छापणाऱ्यांनी ती खूण गाळली आणि दोन निराळे उच्चार एकसारखे दिसू लागले. दशांशचिन्ह सुटले की रकमेचे काय होते, हे व्यापारी घरांत निराळे सांगावयास नको.

१८९७ मध्ये वेड यांच्या जागी केंब्रिज विद्यापीठात चिनी भाषेचे प्राध्यापक म्हणून जाइल्स यांची निवड झाली. विद्यार्थी मोजकेच असत. तरीही १९३२ पर्यंत, म्हणजे नोकरीहून अधिक वर्षे, त्यांनी ते आसन सांभाळले. अडीच हजारांहून अधिक चिनी व्यक्तींचा चरित्रकोश त्यांनी १८९८ मध्ये दिला. सन त्झूच्या युद्धशास्त्राचा प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद १९१० मध्ये करणारे लायोनेल जाइल्स हे त्यांचेच पुत्र.

पाचव्या शतकाच्या आरंभी मथुरा, पाटलिपुत्र पाहून गेलेल्या फाहियान या भिक्षूचा प्रवासवृत्तांत जाइल्स यांनी १८७७ मध्ये इंग्रजीत आणला होता. त्यात पूर्वीचे अनुवादक सॅम्युएल बील यांच्या चुकांवर त्यांनी कठोर टीका केली. पण तोच मापदंड त्यांनी स्वतःलाही लावला. १९२३ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी तो ग्रंथ नव्याने अनुवादून प्रसिद्ध केला. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचे खाते त्यांच्या लेखी अजून बंद झाले नव्हते.

१९३५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. दुसऱ्याची वही तपासणारे पुष्कळ असतात. उतारवयात स्वतःची जुनी वही पुन्हा उघडणारा विरळा.