‘योगायोग आहे’ म्हणणाऱ्या साहेबांना आकड्यांनी विचारा



निवेदन घेऊन महापालिकेत गेलेल्या कार्यकर्त्याला हे उत्तर नवीन नाही : “पाणी सगळीकडेच कमी येतं. तुमची वस्ती उंचावर आहे, लाईन जुनी आहे. यात जात कुठून आली?” आपण चिडतो, घोषणा देतो, निवेदनावर पोच घेऊन परत येतो. साहेबांचा दावा जागच्या जागी राहतो, कारण तो आपण कधी तपासलेलाच नसतो.

संख्याशास्त्रात त्यासाठी एक हत्यार आहे : गृहीतक चाचणी. तिची रीत अशी की आधी समोरच्याचेच म्हणणे खरे धरायचे. ‘सुविधांचा जातीशी संबंध नाही’ हे झाले शून्य गृहीतक. मग विचारायचे, हे खरे असेल तर आपल्याला दिसते ते चित्र निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती?

समजा, शहरातल्या वस्त्यांच्या 10 जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एक दलित वस्ती आणि एक शेजारची सवर्णबहुल वस्ती. दोन्ही एकाच टाकीवर, सारख्या उंचीवर, सारख्याच जुन्या लाईनवर. म्हणजे साहेबांची कारणे आपणच आधी बाजूला काढली. आता महिनाभर पाणी किती मिनिटे येते ते लिहा. जातीचा संबंध नसेल, तर जोडीतल्या कोणाला कमी मिळेल हे नाणे उडवण्यासारखे आहे. 6 जोड्यांत आपल्याला कमी मिळाले तर गप्प बसून आणखी माहिती गोळा करा. 6 किंवा जास्त येण्याची शक्यता योगायोगानेही 38 टक्के असते. पण 9 जोड्यांत कमी मिळाले तर? 9 किंवा 10 येण्याची शक्यता 1024 मध्ये फक्त 11, म्हणजे साधारण 1 टक्का. आता खुलासा साहेबांनी करायचा.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या शॉ या गावात कृष्णवर्णीय सुमारे 60 टक्के होते. पण कच्च्या रस्त्यांवरच्या घरांपैकी जवळपास 98 टक्के घरे त्यांची होती. गटार नसलेल्या घरांपैकी 97 टक्के त्यांच्याच वस्त्यांत होती. खालच्या न्यायालयाने गावाची कारणे मान्य केली. 1971 मध्ये अपील न्यायालयाने मात्र हेच आकडे पुरावा मानून गावाला दोषी ठरवले. पुढे 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भेदभावाचा हेतूही दाखवण्याची अट घातली. यातून आपण एक धडा घ्यावा : आकडे योगायोगाचा पडदा फाडतात, पण निर्णय कोणी आणि का घेतला हे फाईलमध्येच सापडते. म्हणून वहीसोबत माहिती अधिकाराचा अर्जही हवा.

काही साथी म्हणतील, भोगलेल्या अन्यायाला टक्केवारीचा दाखला कशाला? बरोबर आहे. पाणी हा हक्क आहे, तो चाचणीवर अवलंबून नाही. पण ‘हे मुद्दाम आमच्याच वाट्याला येते’ हा आरोप आहे, आणि आरोप तपासून केला तर टिकतो. बाबासाहेबांनी 1918 च्या लहान शेतीवरील लेखात हेच केले. शेतीचे लहान तुकडे हेच दारिद्र्याचे मूळ, हा प्रस्थापित समज त्यांनी जमीन, मजूर आणि भांडवलाच्या हिशोबाने उलटतपासला.

मात्र पथ्य पाळा. जोड्या आधी ठरवा, नोंदी नंतर. निकाल पाहून गैरसोयीची जोडी वगळली, तर आपणही त्यांच्यासारखेच झालो. आणि चाचणीत फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे भेदभाव नाही असे ठरत नाही. कदाचित 10 जोड्या कमी पडल्या असतील.

पुढच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा आपल्या हातात घोषणेसोबत ही वही असू द्या. तथागतांनी कालामांना सांगितले होते, ऐकीव म्हणून काही मानू नका, तपासा. साहेबांचे ‘योगायोग’ही त्यात आले, आणि आपले आरोपही.