मांडवातला ‘संशयकल्लोळ’

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि कोकण-गोव्यात देवळापुढच्या मांडवांत नाटकं रंगतात. अशा मांडवात ‘संशयकल्लोळ’ जरूर पाहावं. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचा धागा गोविंद बल्लाळ देवलांनी इंग्रजी रूपांतरामार्गे उचलला. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीतासह रंगमंचावर आणलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती: नावं पंचांगातली, संशय मात्र घरोघरचे. एका तसबिरीवरून सगळे पेटतात आणि खुर्चीतली आजी नि सतरंजीवरची पोरं एकदम हसतात. बंद नाट्यगृहात हे हसू इतकं पसरत नाही, असं आमचं ठाम मत आहे. आयोजकांना विनंती एवढीच, वेळेसाठी पदं कापू नका. आणि वाचकहो, गावात प्रयोग लागला तर मुलांना घेऊन जा, शेवटच्या पदापर्यंत बसा.