पायधूळ मोजणारी ग्रंथालये

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे ध्येय काय, हा प्रश्न आपल्याकडे ग्रंथालयाला आपण होऊन कधी पडत नाही. तो बाहेरून विचारला जातो; आणि विचारणारा येणार अशी वर्दी आली म्हणजे मग उत्तराची शोधाशोध सुरू होते. हे विचारण्याचे काम राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे सर्वतोमुखी झालेली 'नॅक', ही १९९४ सालापासून करीत आहे. संलग्न महाविद्यालयांसाठी तिने जी नियमावली केली, तीत हजार गुणांपैकी ग्रंथालयाच्या वाट्याला अवघे वीस आले. त्या विसांसाठी चार गोष्टी पाहावयाच्या : ग्रंथालयाचा कारभार संगणकावर चालतो काय, विद्युत्-नियतकालिकांची वर्गणी भरली आहे काय, पुस्तकांवर खर्च किती झाला, आणि दररोज ग्रंथालयात माणसे किती आली. या शेवटच्या गोष्टीस इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा मराठी अर्थ सरळ 'पायधूळ' असा होतो. २०२४ साली परिषदेने श्रेणी मोडून नुसते मान्य-अमान्य ठरविणारी पद्धत जाहीर केली. पद्धती बदलोत, पायधूळ मोजण्याची जी सवय जडली आहे, ती एवढ्याने सुटेल असे आम्हांस वाटत नाही.

मोजमापाला आमचा विरोध नाही, हे प्रथमच सांगून टाकणे बरे. ग्रंथालय हे सरस्वतीचे मंदिर, तेथे हिशेब कसला, असे म्हणणारे काही वृद्ध सद्गृहस्थ अजून आढळतात; त्यांच्या या भक्तीच्या आडोशाला कपाटांतील वाळवी सुखाने नांदते. आमची तक्रार एवढीच, की जे मोजावयाचे ते सोडून भलतेच मोजले जात आहे. वाचनगृहात मुलगा पंख्याखाली बसण्यास येतो, घरी जाण्याची एस. टी. येईतो वेळ काढण्यास येतो, क्वचित् पुस्तकासाठीही येतो. वहीत तिघांची सही सारखीच. एका महाविद्यालयात तर तपासणीच्या आदल्या महिन्यात वर्गावर्गांतून ही वहीच फिरविण्यात आली. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांस आपापले नाव आठवेलच. खर्चाची गोष्टही तशीच. मार्च महिन्यात अनुदान परत जाऊ नये म्हणून एकाच मार्गदर्शिकेच्या चाळीस प्रती घेतल्या, तरी आकडा भरतो. आणि चाळीस मुलांनी चाळीस दिवस मागितलेले एक पुस्तक आणले, तर तो भरत नाही.

आणि ध्येयपत्रिका? 'ज्ञानाची उत्तमोत्तम साधने सर्वांस उपलब्ध करून देणे' हे वाक्य रंगीत फलकावर, प्रवेशद्वाराशीच, दिसते. जे ध्येय साधले की फसले हे कोणत्याही दिवशी सांगता येत नाही, त्याला ध्येय कशासाठी म्हणावयाचे? ती शोभा आहे, तोरणासारखी.

उदाहरणादाखल पेण तालुका घ्या. रामवाडीच्या थांब्यावर सकाळी जी मुले उतरतात, त्यांत खारेपाटातील शेतकऱ्यांची आहेत, डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरची आहेत, आणि ज्यांच्या घरी वर्षभर गणपतीचे कारखाने चालतात तीही आहेत. या तिसऱ्या वर्गातील मुलापुढे एक जिवंत प्रश्न उभा आहे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गदा आली. शाडू पाण्यात कशी विरघळते, प्लास्टर का विरघळत नाही, रंगांतील धातूंचे पाण्यात काय होते, न्यायालयांत कोणते युक्तिवाद झाले : रसायन, अर्थ आणि कायदा या तीन शास्त्रांचा धडा त्याच्या अंगणात मांडला आहे. खारेपाटातील मुलाची कथा याहून वेगळी नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी याच तालुक्यातील बावीस गावांत, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील जमिनी विशेष आर्थिक क्षेत्राला द्याव्यात की नाही, यावर जनमत घेण्यात आले. ज्यांनी त्या दिवशी मत दिले, त्यांची मुले आज राज्यशास्त्राच्या वर्गात बसतात. त्या वेळची कात्रणे, शासनाचे आदेश, गावकऱ्यांची निवेदने ही एका फडताळात लावून ठेवण्यास काय खर्च येतो? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ सालचा; त्यात या भागातील मिठागरांची व भातशेतीची माहिती आहे. तो किती ग्रंथालयांत आहे, आणि जेथे आहे तेथे किती मुलांच्या हाती पडतो? या प्रश्नांना वीस गुणांत जागा नाही.

यात नवे काही आम्ही सांगत आहोत असेही नाही. रंगनाथन् यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यांचा आशय असा, की प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. लोक हे नियम सुभाषितांप्रमाणे भिंतीवर लावतात. पण रंगनाथन् हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते, हे विसरू नये. त्यांचे नियम म्हणजे परीक्षेचे प्रश्न आहेत. किती वाचकांस पुस्तक मिळाले नाही? किती पुस्तकांस वाचक मिळाला नाही? मागणीपासून पुस्तक हाती येईपर्यंत किती दिवस गेले? आणि याच रंगनाथन् यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली ग्रंथालय समिती नेमली, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. ज्यांचे बालपण रोह्यास गेले, त्या चिंतामणरावांच्या जिल्ह्यात तरी हे प्रश्न परके वाटू नयेत.

त्यांची उत्तरे मिळविण्यास यंत्रही लागत नाही, एक वही पुरते. मुलाने पुस्तक मागितले आणि ते नसले, तर आज त्याला 'नाही' म्हणून परत पाठवितात, आणि ते 'नाही' हवेत विरून जाते. ते लिहून ठेवावे : पुस्तकाचे नाव, तारीख, कारण. दुसरी गोष्ट, तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके कोणती, हे संगणक एका दिवसात सांगेल. तो त्यासाठीच घेतला आहे, असे आम्हांस वाटते. तिसरी, पहिल्या वर्षाच्या शंभर मुलांपैकी वर्षअखेर किती जणांनी एकही पुस्तक नेले नाही? आमच्या मते हाच सर्वांत मोलाचा आकडा, कारण पायधुळीच्या वहीत ही मुले कोठेच नसतात. यासाठी कपाटे उघडी असावी लागतात, आणि सकाळच्या सत्राची मुले अकराला मोकळी होतात तेव्हा ग्रंथालय उघडून थोडा वेळ झालेला असावा लागतो. पुष्कळ ठिकाणी ते नुकते उघडून झाडले जात असते.

आता सगळे मोबाइलवरच आहे, पुस्तके कशाला, असा आक्षेप येईल. 'एन-लिस्ट' योजनेतून आमच्या महाविद्यालयांस हजारो विद्युत्-नियतकालिके उघडी झाली आहेत, हा मोठाच लाभ. परंतु ती बहुतांश इंग्रजीत आहेत, आणि मराठीतून बारावी झालेल्या मुलास तेथवर नेण्यास शेजारी बसणारा मनुष्य लागतो. परवलीचा शब्द वाटला म्हणजे विद्या वाटली असे होत नाही. तो मनुष्य म्हणजे ग्रंथपाल. आणि कित्येक महाविद्यालयांत ती जागाच वर्षानुवर्षे रिकामी आहे, कारभार एखाद्या लिपिकाकडे आहे. ही शासनाची नामुष्की होय, आणि तिच्याविषयी जितके बोलावे तितके थोडे. तथापि वही घालण्यास लिपिकही पुरतो. ती जूनमध्ये उघडली तर दिवाळीच्या सुटीपर्यंत पुष्कळ नावे जमतील. मार्चमधील खरेदीची यादी त्या नावांवरून करावी, प्रकाशकाच्या सूचीपत्रावरून नव्हे. आणि पुढची तपासणी येईल तेव्हा पाहुण्यांच्या हाती फलकाऐवजी तीच वही द्यावी.