हजरत इब्राहीम यांनी मुलाला विचारलं होतं

अस्तित्ववाद म्हटलं की आपल्याकडे दोन समज पक्के असतात. एक, तो नास्तिकांचा विचार आहे. दुसरा, तो निराश माणसांचा विचार आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

या विचाराचा आरंभ ज्याच्यापासून मानतात, तो डेन्मार्कचा सोरेन किर्केगार्द श्रद्धावान ख्रिस्ती होता. १८४३ साली आलेलं त्याचं 'भय आणि कंप' हे पुस्तक आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेल्या कथेवर आहे : हजरत इब्राहीम यांच्या कुर्बानीच्या. त्याच्यासमोर बायबलमधली कथा होती. तिथे मुलगा इसहाक आहे. त्या प्रवासात पित्याच्या मनात काय चाललं असेल, हा किर्केगार्दचा प्रश्न. तो निर्णय दुसरं कुणी घेऊ शकत नव्हतं आणि कुणाला समजावूनही सांगता येत नव्हता.

शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, पॅरिसमधल्या व्याख्यानात सार्त्रने हीच कथा घेतली. तो देव न मानणारा. त्याने विचारलं, आलेला फरिश्ता खरंच फरिश्ता आहे, हे ठरवणार कोण? शेवटी माणूसच. माणूस आधी जन्मतो आणि मग आपल्या निवडींतून घडतो, असं तो म्हणतो. 'माझा स्वभावच असा' म्हणून हात झटकणं ही त्याच्या मते स्वतःची फसवणूक.

इथे मला कुरआनातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. सूरह अस्साफ्फातमध्ये हजरत इब्राहीम आपलं स्वप्न मुलाला सांगतात आणि त्याचं मत विचारतात. मुलगा स्वतः होकार देतो. किर्केगार्दचा पिता गप्प आणि एकटा आहे. इथे पिता बोलतो. अल्लाहचा हुकूम असतानाही मुलाला विचारलं जातं.

आपण ही कथा दर बकरी ईदला ऐकतो. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न मात्र परस्पर ठरवतो आणि पुढे काही बिघडलं तर 'नशिबात होतं' म्हणून मोकळे होतो. तकदीरवर माझाही विश्वास आहे. पण आपण घेतलेल्या निर्णयाचं ओझं तिच्यावर टाकता येत नाही. निकाहला मुलीची कबुली लागतेच. पण दारात वरात उभी असताना तिने 'नाही' कसं म्हणायचं? विचारायचं तर स्थळाला होकार कळवण्याआधी विचारावं, आणि नकार आला तर तोही ऐकावा.